आधी हात, मग आरोळी

४ जुलै

वही वेनिंगची, कॉलेजातली उरलेली. म्हणाली, "आई, तुझ्या हल्ली काही लक्षात राहत नाही, लिहून ठेवत जा." लक्षात राहत नाही म्हणे! बत्तीस वर्षं मी लासेममध्ये बाटिक काढतेय, कापडावर मेणाची नक्षी. कुठल्या कापडावर कुठला पक्षी कुठे बसलाय ते झोपेत विचारा, सांगेन. काल ताचिक लियानने सांगितलेली वेल सोडून भलतीच काढली, एवढंच. ती कारखान्याची मालकीण आहे, बोलणारच. पण पोटच्या लेकीनंही बोलावं?

तरी लिहिते, कारण गोष्ट दुसरीच आहे आणि ती कोणाला सांगण्यासारखी नाही.

माझा उजवा हात उडतो. आपोआप. मी चांटिंगमध्ये, म्हणजे आमच्या मेणाच्या लेखणीत, गरम मेण भरते, तिच्या तोटीवर फुंकर मारते, तोटी कापडाला टेकवते, आणि हात खांद्यापासून वर जातो. तोंडाची उजवी बाजूही ओढली जाते. डोळा मिटून उघडेपर्यंत संपतं, जसं काही झालंच नाही. पण मेणाचा थेंब पडायचा तो पडतोच.

आज पाच वेळा.

६ जुलै

आज सगळ्यांसमोर उडाला. आम्ही चौघी एका चुलीभोवती बसतो, मधे मेणाची कढई. हात उडाला तो थेट जुमिनाच्या नाकासमोर. ती माझ्यासमोरच बसते, गेली वीस वर्षं. ती केवढ्यांदा ओरडली, "वाघ आला गं!" मी एवढी घाबरले की तोंडातून निघालं, "कोंबडी! कोंबडी! कोंबडीची मान!"

बाकी दोघी हसून हसून लोळल्या. ताचिक लियान आतून आली. "अगंबाई, तस्रीपाला म्हातारपणी लाताह लागलं!"

आमच्याकडे लाताह बायका काय कमी आहेत? कोणी दचकवलं की हातपाय झाडतात, तोंडाला येईल ते बरळतात, शिव्यासुद्धा देतात, आणि आख्खी आळी हसते. त्यात लाज कसली? उलट अशी बाई नसली तर लग्नघर सुनं वाटतं. मीही हसले. लाताह तर लाताह.

१५ जुलै

बु हार्टिनी, म्हणजे हार्टिनीबाई, आल्या होत्या. वेनिंगची होणारी सासू. ९ नोव्हेंबरला लग्न. गालिह मुलगा सोन्यासारखा आहे, वीज कार्यालयात नोकरीला, पण आई म्हणजे चाळणीतून पाणी गाळून पिणारी. चहा पिता पिता म्हणाल्या, "माझ्या पुतण्याचं मागे ठरलं होतं. मुलगी गोरीगोमटी, शिकलेली. शेवटी कळलं, मावशीला फेफरं येतं. मोडलं आम्ही. फेफरं म्हणजे रक्तातला दोष, आणि त्यांची लाळ लागली तरी होतं म्हणतात."

माझा हात तेव्हा मांडीखाली दाबलेला होता. आतल्या आत उडाला. चहा सांडला नाही, देवाची कृपा.

त्या गेल्यावर आरशासमोर उभी राहिले आणि "कोंबडी, कोंबडी" म्हणून पाहिलं. हात उडाला की लगेच म्हणायचं, म्हणजे कोणाला शंका येणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आज नऊ.

२१ जुलै

सरकारी दवाखान्यात गेले, झोप येत नाही म्हणून. डॉक्टरसमोरच हात उडाला. मी म्हटलं, "कोंबडी!" तो हसला. "बु, लाताह का?" म्हटलं, "हो ना, मेली ती माझी मैत्रीण दिवसभर दचकवते." जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. मी किती हुशार!

पण जुमिनाचा मला खरंच वैताग आलाय. दिवसातून दहा वेळा "वाघ आला गं!" आणि मेली नेमकी माझा हात उडतो तेव्हाच ओरडते. हिला कसं कळतं कोण जाणे. बाकीच्या हसतात आणि तिला आणखी चेव येतो. लोकांना हसवायला मीच सापडले का?

२ ऑगस्ट

वेनिंगचं लग्नाचं कापड मी स्वतः काढतेय. ताचिक लियानने परवानगी दिली, कारखान्यातलं काम झाल्यावर तासभर. पक्ष्यांची जोडी, मधे वेल, आणि सगळीकडे बारीक ठिपके. मग ते आमच्या लाल रंगात जाईल, कोंबडीच्या रक्तासारख्या. आईच्या हातचं कापड अंगावर असलं की मुलगी सासरी भरल्या घरात राहते. माझ्या आईने माझं काढलं होतं.

मादीच्या डोळ्यावर मेणाचा थेंब पडला. आंधळी झाली. मी रडले, कोणी पाहिलं नाही.

जुमिना हल्ली आमच्याबरोबर जेवायला येत नाही, मागून एकटीच येते. काहीतरी चांगलंचुंगलं आणत असणार आणि एकटीने खात असणार. वीस वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लं तिने.

आज तेवीस.

११ ऑगस्ट

वेनिंगने घरी पाहिलं. तिच्यासमोर कोंबडी चालत नाही. रडायला लागली. तिने मला लपतछपत रेंबांगला नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला, फेफऱ्याचाच प्रकार दिसतो. गोळ्या दिल्या. मी वेनिंगला शपथ घातली, गालिहला कळता कामा नये. ती म्हणाली, "आई, लग्न गेलं खड्ड्यात." मी म्हटलं, "खड्ड्यात गेलं तर तूच जाशील, मी तर जुनी झालेय."

गोळ्यांनी डोकं जड झालंय. हात मात्र तस्साच. आज एकतीस.

१९ ऑगस्ट

भात शिजवला. वेनिंग म्हणते, भात आधीच शिजलेला होता. जुमिनाला विचारलं, तुझे यजमान कसे आहेत? ती माझ्याकडे बघतच राहिली. काय झालं बघायला?

१९ ऑगस्ट

आज काही लिहिलं नाही म्हणून लिहिते. भात शिजवला. जुमिनाला विचारलं, यजमान कसे आहेत?

वरचं मी कधी लिहिलं? अक्षर माझंच आहे. जुमिनाचे यजमान वारले, मीच तर मयताला गेले होते.

मला भीती वाटतेय.

२५ ऑगस्ट

कढईच उलटली. हात उडाला तो कढईच्या काठाला लागला. मेण डाव्या मनगटावर. जुमिनाने त्याही वेळी आधी "वाघ आला गं!" केलं, आणि मग पाण्याचं पातेलं घेऊन धावली. भाजलेल्या माणसाची कोणी थट्टा करतं का? पण पाणी ओतताना तिने निम्मं स्वतःच्याच पायांवर ओतलं.

चव्वेचाळीस. पुढे मोजले नाहीत.

२८ ऑगस्ट

घात झाला. जुमिनाने घात केला.

सगळं नीट लिहिते, म्हणजे विसरणार नाही. विसरायचं नाहीच मला हे.

वेनिंगने गालिहला फोन केला, आई भाजली म्हणून सांगितलं. तो आईची गाडी घेऊन आला. मला म्हणाले सेमारांगला चांगला भाजल्याचा डॉक्टर आहे. जुमिना न विचारता पुढे येऊन बसली. तिथे गेले तर मेंदूची डॉक्टर! डॉ. नस्तिती, वेनिंगपेक्षा चारेक वर्षांनी मोठी असेल, चष्मा नाकावर. बसल्या बसल्या माझा हात दोनदा उडाला. मी दोन्ही वेळा कोंबडी केलं. गालिह भिंतीपाशी उभा होता, काय करणार!

डॉक्टर म्हणाली, "बु, लाताह आहे म्हणता ना? मग मला एवढंच सांगा. आधी कोणी दचकवतं आणि मग हात उडतो, की हात आधी उडतो?"

मी म्हटलं, "आधी दचकवतात. ही बघा, ही जुमिना. वाघ वाघ करून जीव खाते माझा."

आणि ही उठून उभी राहिली. मान खाली. "खोटं आहे, डॉक्टरबाई. हात आधी उडतो. मी मागून ओरडते. पहिल्या दिवसापासून. हात उडाला की ओरडते, म्हणजे बाकीच्यांना वाटावं मीच दचकवलं. हिच्या मुलीचं लग्न आहे. पण आता ती माझा नवरा जिवंत आहे असं विचारते. आता मला ओरडवत नाही."

वेनिंग रडत होती. गालिहने सगळं ऐकलं.

डॉक्टरने मात्र टेबलावर हात आपटला, खुशीने. "हेच हवं होतं मला."

तिला हवं होतं! माझी लेक घरी बसणार आणि हिला हवं होतं! बाहेर आल्यावर मी जुमिनाला म्हटलं, "वीस वर्षं एका चुलीपाशी बसलीस आणि माझंच घर जाळलंस. पुन्हा तोंड दाखवू नकोस." ती बसने एकटी परत गेली.

२९ ऑगस्ट

ठेवून घेतलंय. मणक्यातून पाणी काढलं, त्या भोंग्याच्या नळीत घालून डोक्याचा फोटो काढला, रक्त काढलं. रक्तात मीठ कमी निघालं! आमच्या गावात जिकडे बघावं तिकडे मिठागरं, वारा आला तरी ओठ खारट होतात, आणि माझ्या रक्तात मीठ कमी. नर्स म्हणाली, "बु, बाहेरच्यांना सांगू नका, गावाचं नाव जाईल."

डॉ. नस्तितीने खाटेवर बसून समजावलं. हे झटकेच आहेत, पण झटक्यांच्या गोळ्यांना ते ऐकत नाहीत. मेंदूला आतून सूज आली आहे. बाहेरच्या रोगाशी लढायला रक्तात जे राखणदार असतात, तेच चुकून मेंदूवर उठले आहेत. हात उडणं, विसरणं, मीठ उतरणं, सगळ्याचं मूळ तेच. पक्का कागद जकार्ताहून यायला तीनेक आठवडे लागतील. "पण मी थांबणार नाही. उद्यापासून पाच दिवस सूज उतरवायचं औषध शिरेतून."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय," मी म्हटलं.

"अगदी."

"आणि मेण फार तापलं की चांटिंग कितीही नीट धरा, गळतंच. चूल बारीक करायची."

ती हसली. "बु, हे मी आता सगळ्या पेशंटना सांगणार." सांग बाई. माझी तर चूल विझल्यातच जमा.

आज एक्केचाळीस.

३१ ऑगस्ट

दुसरी बाटली. अडतीस. काही फरक नाही. मला वाटलंच होतं.

झोप नाही. भूक मात्र राक्षसाची. माझा भात खाल्ला, शेजारच्या बाईचा उरलेला खाल्ला, वेनिंगची केळी खाल्ली. बसवत नाही, पडवत नाही. वऱ्हांड्यात येरझाऱ्या घातल्या, सगळ्यांच्या चादरींच्या घड्या घातल्या, एका नर्सला म्हटलं तुला घडी घालता येत नाही. ती रुसली. औषधामुळे असं होतं म्हणतात. अंगात मुंग्या धावतायत आणि त्यांना कुठे जायचंय ते त्यांनाच ठाऊक नाही.

१ सप्टेंबर

सतरा.

२ सप्टेंबर

तीन! सकाळी दोन, दुपारी एक. मी हात समोर धरून बसले, त्याची वाट बघत. "उड ना रे," म्हटलं. नाही उडाला.

जुमिना डबा घेऊन आली होती. मी भिंतीकडे तोंड केलं. डबा ठेवून गेली. खारवलेला मासा होता. खाल्ला. भुकेवर काय राग?

३ सप्टेंबर

शून्य.

५ सप्टेंबर

बु हार्टिनी आल्या. मी उठून बसले, केस नीट केले. गालिहने आणलं त्यांना. त्या खाटेपासून हातभर लांब उभ्या राहिल्या. मला काही न विचारता डॉक्टरलाच विचारलं, "हे रक्तातून पुढे जातं का? मुलीला होणार का? नातवंडांना?"

"नाही. हे घराण्यातून आलेलं नाही."

"लागट?"

"नाही. सूज उतरतेय, झटके थांबलेत."

त्या खाटेजवळ सरकल्या. मग मला म्हणाल्या, "गालिहने मला सांगितलंय, लग्न मोडलंस तर मी घर सोडीन. आजवर कधी उलट बोलला नव्हता. मी तरी काय करू? पण लोक बोलतात, बु तस्री. तुम्ही असं करा. ते लग्नाचं कापड तुमच्याच हातचं पुरं करा. थरथरत्या हाताने असली रेघ येत नाही हे लासेममध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. कापड बघितलं की तोंडं बंद होतील. माझंसुद्धा."

मी हो म्हटलं. कापड अर्धंही झालेलं नाही. डॉक्टर म्हणते, तीन आठवडे हात चांटिंगला लावायचा नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही.

१० सप्टेंबर

घरी. गोळ्या चालू, हळूहळू कमी करायच्या, कित्येक महिने. तोंड सुजून टम्म झालंय. डॉक्टरने बजावलंय, हात एकदा जरी उडाला तरी त्याच दिवशी फोन. परत येऊ शकतं म्हणाली. त्यामुळे मी दिवसभर हाताकडे बघते. चोराच्या मनात चांदणं.

सगळं घर दोनदा धुतलं. वेनिंग म्हणाली, "आई, फरशीवरचा रंग जाईल, बस जरा." बसते कुठे! मनात तारखा मोजते. अर्धं कापड. ठिपकेच पंधरा दिवस खातील, मग रंग, मग मेण उतरवणं.

जुमिनाचा घात सोडला तर ऑगस्टचं काही म्हणजे काही आठवत नाही. मधली पानंच कोणी फाडल्यासारखी.

२३ सप्टेंबर

जकार्ताचा कागद आला. डॉ. नस्तितीचा फोन: "बु, तेच निघालं. राखणदारच." आवाजावरून खूश होती. मी म्हटलं, "बरोबर निघाल्याबद्दल अभिनंदन."

३० सप्टेंबर

कारखान्यात गेले. जुमिना जागेवर होती. तिने बघितलं, मी नाही बघितलं. सरळ माझ्या कापडापाशी गेले, लाकडी चौकटीवर टाकून वर जुनी चादर झाकलेली. चादर काढली.

कापड जवळजवळ पुरं झालेलं आहे. हातभर पट्टा तेवढा बाकी.

मला वाटलं, ऑगस्टमध्ये मी हे केलं आणि विसरले. छाती भरून आली. म्हटलं बघा, डोकं गेलं तरी हाताने काम सोडलं नाही. मादीचा आंधळा डोळासुद्धा खरवडून नीट केलेला. मग उजेडाला धरलं.

ते ठिपके माझे नाहीत. माझे ठिपके गोल येतात, आईने तसेच शिकवले. हे किंचित लांबट, तिळासारखे. असे ठिपके आमच्या चुलीपाशी एकच बाई काढते, आणि त्यावरून मी तिला वीस वर्षं चिडवत आलेय.

ताचिक लियान मागे उभी होती. म्हणाली, "रोज दुपारी. तुम्ही जेवायला बसलात की ही तुमचे थेंब खरवडायची आणि पुढचं भरायची. मला म्हणाली, ताचिक, बोलायचं नाही."

१ ऑक्टोबर

आज कामाला गेले नाही. ही वही पहिल्या पानापासून वाचली. ऑगस्ट मला आठवत नाही, पण इथे सगळा लिहिलेला आहे, माझ्याच अक्षरात. "मेली नेमकी माझा हात उडतो तेव्हाच ओरडते." "काहीतरी चांगलंचुंगलं एकटीने खात असणार." "पुन्हा तोंड दाखवू नकोस."

एवढी मूर्ख बाई मी आयुष्यात पाहिली नाही. आणि तिने माझेच कपडे घातलेत.

संध्याकाळी बु हार्टिनींना फोन केला. म्हटलं, "कापड एकट्या माझ्या हातचं नाही. निम्मं जुमिनाचं आहे. उरलेला पट्टा मी काढीन, तो बघा आणि मग काय ते ठरवा. खोटं बोलून मुलगी द्यायची नाही मला." त्या म्हणाल्या, "कोणती रेघ कोणाची, हे मला कळणार आहे का?"

म्हटलं, "नाही."

"मग मला कशाला सांगता? लग्नाला त्या बाईंना पुढच्या रांगेत बसवा, म्हणजे झालं."

२ ऑक्टोबर

जागेवर जाऊन बसले. समोर जुमिना. मान खाली घालून काम करतेय. चुलीभोवती चौघी आणि चौघीही गप्प. अशी शांतता आमच्याकडे मयतालासुद्धा नसते.

क्षमा मागायची म्हणून रात्रभर वाक्यं जुळवली होती. एकही येईना. चांटिंग भरली, फुंकर मारली, पक्ष्याच्या शेपटीची रेघ ओढली. सरळ आली. दुसरी ओढली. तीही. जुमिना चोरून बघत होती, आणि मी बघितलं की मान खाली.

शेवटी मी काय केलं? हात उडवला. मुद्दाम. खांद्यापासून, तोंड वाकडं करून, जसा उडायचा तस्सा. चांटिंग हवेत गेली.

ती जमिनीवर पडायच्या आत जुमिना किंचाळली, "वाघ आला गं!"

बाकी दोघी फिदीफिदी हसल्या. "आली, बु तस्रीची कोंबडी परत आली!" जुमिना मात्र पांढरीफटक. चांटिंग उचलायच्या निमित्ताने माझ्यापाशी वाकली आणि कानात पुटपुटली, "परत सुरू झालं? डॉक्टरला फोन करू? कोणाला कळलं नाही, मी ओरडले ना."

"नाही गं बाई," मी म्हटलं. "मुद्दाम टाकली."

तिने माझ्या सुजलेल्या गालावर फाडकन एक दिली. मग तिथेच, मेणाच्या वासात, ओढणीने तोंड झाकून रडायला लागली, आणि मीही. बाकी दोघींना वाटलं, गालामुळे.

तिचे लांबट ठिपके मी पुसणार नाही. उरलेल्या पट्ट्यात माझे गोल येतील. ९ नोव्हेंबरला वेनिंग दोन्ही नेसेल.

आज एक. खोटा.